टाकीतलं नायट्रेट आणि काकांची विहीर

वरूडात माझं मासोळ्यांचं दुकान आहे. संत्र्याच्या गावात मासोळ्या कोण घेतं, असं लोक विचारतात. घेतात. आंब्या बहाराची तोडणी सुरू झाली, व्यापाऱ्याकडून बगीच्याचे पैसे हातात पडले, की पोरं बापाच्या मागं लागतात आणि दोन फुटी काचेची टाकी घरी जाते. दिवाळीच्या आगेमागे तर माझा पाय दुकानात ठरत नाही, खेड्यांवर टाक्या बसवत फिरणं चालू असतं.

माझा एक नियम आहे आणि त्यापायी गिऱ्हाइकं तुटतात. टाकी आणि मासोळ्या एकाच दिवशी विकत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दुकानदार आहे, तो टाकी, दगड, प्लास्टिकची झाडं आणि आठ गोल्डफिश एकाच पिशवीत देतो. आठवड्याभरात मासोळ्या वर येऊन तोंड वासतात, मरतात, मग लोक माझ्याकडे औषध मागायला येतात. याला औषध नसतं. मासोळीच्या अंगातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. तो खाणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. आधी अमोनियाचं नायट्राइट करणारे येतात, त्यांच्या मागून नायट्राइटचं नायट्रेट करणारे. ते स्पंजात, वाळूत, काचेवर वस्ती करतात आणि त्यांना तीन ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही जहर. नायट्रेट त्या मानानं सौम्य, मोठी मासोळी ते बऱ्यापैकी सोसते.

म्हणून मी रिकामी टाकी चालू करून देतो. स्पंज फिल्टर, एअर पंप, नदीची धुतलेली वाळू, आणि सोबत नवसागराच्या पुड्या. कल्हईवाल्याकडचा नवसागर नाही, त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे. प्रयोगशाळेचा शुद्ध अमोनियम क्लोराइड आणतो आणि सराफाच्या काट्यावर तोलून पुड्या बांधतो. साठ लिटरला 0.35 ग्रॅमच्या आसपास टाकला की अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅम होतो. मासोळी नसताना जिवाणूंना तेवढं खाद्य पुरतं. बी.एस्सी.ची केमिस्ट्री माझ्या एवढीच कामी आली, असं आमचे वडील म्हणतात.

तर शेंदुरजनाघाटाकडच्या एका गावात अशीच टाकी बसवून आलो होतो. घर बगीच्यातच. पोरगा कॉलेजात जाणारा, मोबाइलवर सगळं वाचलेला, तपासणीच्या पट्ट्याही त्यानं ऑनलाइन मागवलेल्या. आठवडाही झाला नसेल, सकाळी त्याचा फोन. "दादा, टाकी झाली. नायट्रेट लालभडक दाखवून रायलं. आता मासोया घेऊन येऊ काय?"

मी विचारलं, नायट्राइट किती? म्हणे, पांढरं. आणि अमोनिया? तो त्याच्या पट्टीवर नव्हताच.

हे जमेना. नायट्रेट तयार झालं असेल तर वाटेत नायट्राइट दिसायलाच पाहिजे, आणि इतक्या लवकर तर काहीच नको. त्यात रात्री थंडी पडायला लागलेली. गार पाण्यात हे जिवाणू आणखी हळू वाढतात. पोराला थांब म्हणालो आणि बाटल्यांची किट घेऊन गाडीला किक मारली.

टाकी ओसरीवर होती. मी काचेच्या नळ्या काढल्या. अमोनियाची नळी हिरवी झाली, म्हणजे टाकलेला नवसागर जसाच्या तसा, कोणी खाल्लाच नव्हता. नायट्राइटची आकाशी राहिली, म्हणजे शून्य. नायट्रेटच्या किटमध्ये दोन बाटल्या असतात आणि दुसरीचा गाळ तळाला बसतो. ती अर्धा मिनिट खडखडून हलवली नाही तर आकडा कमी येतो. लोक इथंच घाई करतात. मी हलवली, थेंब मोजले, पाच मिनिटं थांबलो. नळीतलं पाणी पिवळ्यावरून नारिंगी आणि नारिंगीवरून लाल झालं. पांढऱ्या कार्डाला लावून पाहिलं तर 80 आणि 160 च्या मधला रंग.

पोरगा म्हणे, "पाहा, म्हटलं होतं न."

मी विचारलं, टाकीत पाणी कुठलं भरलं? "इहिरीचंच. दुसरं कुठलं?"

ओसरीच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा माठ होता. त्यातलं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं, तेच थेंब, तेवढाच वेळ. तोच लाल रंग. टाकीतलं नायट्रेट टाकीत तयार झालंच नव्हतं. ते विहिरीतून आलं होतं.

एवढ्यावर माझं काम खरं तर संपत होतं. पोराला सांगायचं की टाकी सुरू व्हायची आहे अजून, नायट्राइट चढून उतरेपर्यंत मासोळी नाही, आणि निघायचं. पण आतून ताई बाहेर आल्या, घरची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. कडेवर तीनेक महिन्यांचं लेकरू. दुसऱ्या हातात दुधाची बाटली. अंगावरचं पुरत नाही म्हणून वरचं दूध चालू होतं, डब्यातली पावडर. आणि पावडर कालवायला पाणी त्याच माठातलं.

माझ्या तोंडून निघालंच, "ताई, हे पाणी बाळाला नका देऊ."

काका खाटेवर बसून संत्र्याच्या गाडीचा हिशोब लिहीत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून? काय झालं पान्याले? माह्या आज्यानं खोदली ही इहीर. शेरबतावानी पानी हाय. लगनाले लोक कॅन आनते, आमच्या घरी कॅन लागत नाही."

पाणी गोड होतं यात शंका नाही, चहाआधी मीच तांब्याभर प्यालो होतो. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. विहिरीत मासोळ्या सोडल्या तर त्याही जगतील. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथं जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की ते प्राणवायू वाहून नेत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात ते परत पूर्ववत करणारं एन्झाइम पुरेसं असतं, तान्ह्याकडे कमी. ओठ, नखं निळसर-राखाडी पडतात. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यावर कालवलेलं दूध पिणाऱ्या बाळांत हे पहिल्यांदा नोंदवलं. आणि मी हे सगळं ओळखून होतो ते मासोळ्यांमुळे. नव्या टाकीत नायट्राइट चढलं की मासोळीला हेच होतं, मेलेल्या मासोळीचं गलफडं उघडलं तर लाल नाही, चॉकलेटी दिसतं. पाण्यात खडेमीठ टाकलं की क्लोराइडमुळे गलफड्यातून नायट्राइट कमी शिरतं, तिला वाचवता येतं. बाळाला असा काही घरगुती उपाय नाही.

यातलं निम्मंच सांगितलं असेल, तर काका उठले. "मासोयीवाला आता लेकराचं औषध सांगते काय, बाप्पा?"

बरोबर होतं त्यांचं. मी डॉक्टर नाही. किटही मासोळ्यांची, पिण्याच्या पाण्याचा दाखला तिच्यावर देता येत नाही. तेच मी म्हणालो, काका, माझं नका ऐकू, सरकारी तपासणी करून घ्या.

ताई मात्र ऐकत होत्या. "मी तर चांगलं दहा-दहा मिनिटं उकळते, भाऊ. पोट बिघडू नये म्हणून."

जंतू मरायला उकळणं ठीकच. पण नायट्रेट उडून जात नाही. वाफ होऊन पाणी कमी होतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात उलट दाट होतं. जितकं जास्त उकळावं तितकं जास्त. त्यांनी बाटलीतलं दूध तिथंच अंगणातल्या तुळशीबाजूला ओतलं आणि पोराला म्हणाल्या, "जाय, गाडी काढ, कॅन आन." काकांनी काही म्हटलं नाही. बाळाचे ओठ मी पाहिले, त्यांनी पाहिले, आजीनंही दारात उजेडात नेऊन पाहिले. गुलाबी होते. तरी आशाताईंना फोन झाला आणि दुपारी बाळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आलं. ठीक होतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, आई प्यालेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही, असं तिथं सांगितलं.

आरओच्या कॅनला मी एरवी नावं ठेवतो. मासोळ्यांना ते पाणी नुसतं घातलं तर क्षार फारच कमी पडतात. पण आरओनं नायट्रेट बरंच निघतं, त्या घरात त्या दिवशी तेच हवं होतं.

मग काका मला विहीर दाखवायला घेऊन गेले. रागातच, पण घेऊन गेले. काठापासून दहा-बारा पावलांवर गोठा. गोठ्यामागे उकिरडा, पावसानं भिजून काळं पाणी विहिरीकडं उतरल्याची खूण अजून मातीवर होती. पलीकडे संडासाचा शोषखड्डा. आणि चारही बाजूंनी संत्रा, झाडाझाडाच्या आळ्यात युरिया. मी विचारलं झाडाला किती टाकता, तर काका म्हणाले, "तुमी मासोयाचं पाहा."

पंचायतीत जलजीवन मिशनची तपासणी किट असते, गावातल्या पाच बायांना ती वापरायला शिकवलेलं असतं. त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी पाणी पाहिलं आणि जलसुरक्षकानं नमुना प्रयोगशाळेत पाठवला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि भारतीय मानकात तिच्यावर सूट नाही. काकांच्या विहिरीत दुपटीहून जास्त निघालं. एकट्या त्यांचंच असं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटसाठी जी जिल्ह्यांची नावं आली, त्यांत अमरावती, वर्धा, बुलढाणा, यवतमाळ आहेत. आपल्याकडे बोअर हजार फुटांवर गेला याची चर्चा प्रत्येक चहाच्या टपरीवर होते. पाणी लागलं की मात्र त्यात काय आहे हे कोणी पाहत नाही.

पोराची टाकी नंतर रीतसर झाली. माझ्या दुकानातल्या जुन्या फिल्टरचा स्पंज तिच्यात पिळला, हीटर लावून पाणी 28 अंशांवर ठेवलं. नायट्राइटची नळी जांभळी झाली, बरेच दिवस जांभळी राहिली, आणि मग एका सकाळी आकाशी. विहिरीचं पाणी बदलून नायट्रेट कधीच उतरणार नव्हतं, म्हणून निम्मं कॅनचं आणि निम्मं विहिरीचं असं ठरवलं, शिवाय मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली, ती नायट्रेट ओढतात. गोल्डफिशऐवजी मॉली दिल्या. त्यांना जड पाणी मानवतं.

काकांनी उकिरडा बगीच्याच्या उताराकडच्या टोकाला हलवला. युरियाचं विचारलं तर अजूनही तेच उत्तर. पण मधल्या काळात त्यांच्या ओळखीनं चार-पाच जण पाण्याच्या बाटल्या घेऊन दुकानात येऊन गेले, त्यातली एक दारूची क्वार्टर होती, न धुतलेली. मी पंचायतीचा रस्ता दाखवतो. तरी बाटली काउंटरवर ठेवूनच जातात.