चांगली चहाडी

आमच्या बेळगावकडं माणसाचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर पहिल्याच घासाला सांगतील. आमटी जमून आली तर मुकाट्यानं वाटी पुन्हा पुढं करतील. करणाऱ्या बाईनं त्यावरून काय ते ओळखायचं. तान्ह्या पोराला कुणी गोड म्हटलं की आजीचा हात मीठ-मोहऱ्यांच्या डब्याकडं जातो. आणि मोठ्या माणसाची जरा जास्त स्तुती केलीत तर तो सरळ विचारतो, "काय काम काढलास रे?" निंदकाचं घर शेजारी असावं, हे मात्र आम्ही इतकं मनावर घेतलंय की गल्लीत तशी दोन-तीन घरं सहज निघतील.

म्हणून माणसं कोरडी आहेत असं कुणी समजू नये. सीबीटीवर, म्हणजे आमच्या मोठ्या बसस्टँडवर, थोडा वेळ उभं राहून बघा. बसच्या पाट्या कन्नडमधल्या, आणि खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची शाळा मराठी, तीही चार इयत्तांची. मंगळवारी उचगावच्या मळेकरणी देवीला निघालेली आजी समोर दिसेल त्याला विचारते, "ही उचगावला जाती काय रे पोरा?" पोरगा कानाचा फोन न काढता "न्हाई आज्जी, मागची," म्हणतो आणि मागची आली की तिची पिशवी उचलून वर देतो. तो पोरगा घरी कन्नड बोलणारा असायचीही तितकीच शक्यता. १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद दोघांनाही ठाऊक आहे, खरं बस सुटायच्या आत तो काढायला सवड कुणाला? आजी आभार वगैरे मानत नाही. खिडकीतून विचारते, "कुणाचा रे तू?" एवढ्यावर तो खूश.

अडचण होते ती ज्यांना कुणी काहीच विचारत नाही त्यांची. लग्नातले मांडे करणाऱ्या आक्का घ्या. कणीक तासन् तास मुरवायची, पिठीसाखरेचं सारण भरून लाटायचं, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत पोळी एवढी मोठी करायची की पलीकडचं माणूस दिसावं, आणि ती अलगद पालथ्या कढईवर टाकायची. गरम आहे तोवर घडी पडली तर ठीक. गार झाला की तोच मांडा कडक होतो, घडी घालायला जावं तर तुकडे. दिवसभर धगीपुढं बसून हे करायचं. मांडवात पाहुणे पहिला तुकडा मोडतात आणि मुलीच्या बापाला म्हणतात, "मांडे झकास हां!" बाप मान डोलावतो, जसं काही त्यानंच भाजलेत. आक्का मागच्या दारी भांडी आवरत असतात.

एकदा मी मागच्या दारी जाऊन त्यांना सांगितलं, मांडे फार सुरेख झालेत. त्या इतक्या अवघडल्या की पदर सावरत म्हणाल्या, "कशाचं की! आज मैदाच बरोबर नव्हता." पुढं दहा मिनिटं मैद्याच्या तक्रारी ऐकल्या. तेव्हा दुसरा मार्ग धरला. त्यांच्या शेजारच्या फुलवालीजवळ फुलं घेता घेता म्हणालो, "तुमच्या शेजारच्या आक्कांसारखा मांडा आता कोण करत नाही." चार दिवसांत ते पोचलं. आक्का रस्त्यात भेटल्या त्या रागावूनच: "काय काय सांगत सुटलाय की माझ्याबद्दल!" राग होता, खरं चालणं बदललं होतं. चहाडी करायची खोड आपल्याला आहेच, तर ती चांगल्याची करावी. शिंप्याचं न्हाव्याकडं, वडगावात माग चालवणाऱ्याचं साडीच्या दुकानात. पोचवायचं काम गल्ली फुकटात करते.

हा उपाय सगळीकडं चालतो असं मात्र नाही. खानापूरच्या वाटेवर भर पावसात एका कंडक्टरनं म्हातारीला उतरवून, छत्री धरून तिला आडोशापर्यंत नेलेलं मी पाहिलं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. गर्दी वाढली, तरी एकेकीला शून्य रुपयांचं तिकीट फाडून द्यावंच लागतं. तेवढ्या रेटारेटीत या माणसाला छत्री सुचली. मी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत जाऊन हे सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, तक्रारवही काढली आणि बसचा नंबर विचारला. म्हटलं, तक्रार नाही हो, चांगलं सांगायचंय. "त्याला वेगळी वही न्हाई री. ह्यातच लिवा." लिहिलं, मराठीत, सही केली.

आठवड्यानं तोच कंडक्टर त्याच बसमध्ये भेटला. तिकीट द्यायचं सोडून माझ्याकडं बघत राहिला. वहीत आपलं नाव आलंय एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं होतं; मराठी वाचून दाखवणारं कुणी भेटलं नसावं. "ना एन माडीन्री?" म्हणाला. मी काय केलं हो? मग माझ्या मोडक्या कन्नडात, भरल्या बसमध्ये, छत्री उघडण्याच्या खुणा करत मला त्या माणसाचं तोंडावर कौतुक करावं लागलं. पुढच्या सीटवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तिकीट फाडलं, मागं पाच रुपये येणं लिहून माझ्या हातात दिलं आणि पुढं सरकला.

उतरताना ते पाच रुपये मात्र त्यानं आठवणीनं दिले.