चुकलेला 'चओन' आणि फोंड्यातला घरचा सर्व्हर: दोन दिवसांची नोंद

शनिवार, रात्र

आमच्या वाड्यावरच्या घुमट आरत्यांची रेकॉर्डिंग्ज घरच्या डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) मशिनवर आहेत, कैक चवथींची. ती 'घुमट' नावाच्या नव्या युजरच्या नावे करायची होती. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन 'चओन -आर घुमट:घुमट' (chown, फोल्डर आणि त्यातल्या सगळ्या फाइलींचा मालक आणि गट बदलणारी कमांड) लिहिलं आणि पुढच्या पाथमध्ये पहिल्या स्लॅशनंतर एक स्पेस पडली, म्हणजे ती अख्ख्या मशिनच्या मुळापासून (/) चालली. कंट्रोल-सी दाबून ती थांबवेपर्यंत यूएसआर (प्रोग्राम) आणि ईटीसी (सेटिंग्ज) पूर्ण 'घुमट'च्या नावे गेलं होतं, एसआरव्हीही (सर्व्हरवरचा डेटा) गेलं होतं, व्हार (सेवांचा बदलता डेटा) अर्धं. फाइली पुसणारी 'आरएम' कमांड मुळाशी चालायला स्वतःहून नकार देते. 'चओन'ला मात्र 'प्रिझर्व्ह-रूट' असं मुद्दाम सांगावं लागतं.

पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. उघडी असलेली रूटची टर्मिनल बंद करायची नाही, मशिन रीस्टार्ट करायचं नाही. दुसऱ्या टर्मिनलवर सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) करून पाहिलं, तर आपला मालक युआयडी 0 (युजरचा आकडा, 0 म्हणजे रूट) हवा आणि सेटयूआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) हवा एवढं सांगून तो थांबला. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, आणि इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्याकडे मी इतक्या वेळा कधी पाहिलं नव्हतं.

मग नुकसान किती ते मोजलं. मालक बदलला की फाइलचा सी-टाइम (तिची माहिती शेवटची बदलल्याची वेळ) बदलतो आणि तो सहजासहजी मागे नेता येत नाही. इथे तेच उपयोगी पडलं. फाइली शोधणाऱ्या 'फाइंड'ला त्या मिनिटानंतरचा सी-टाइम आणि मालक 'घुमट' अशा दोन अटी दिल्या. यादी मिळाली, ती पेन ड्राइव्हवर ठेवली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यूएसआरवर सरळ 'चओन -आर रूट:रूट' मारून भागत नाही. लिनक्स मालक बदलताना चालवता येणाऱ्या फाइलींवरचे सेटयूआयडी आणि सेटजीआयडी (गटासाठीची तशीच खूण) बिट काढून टाकतो, बदलणारा रूट असला तरी. म्हणजे सुडो, एसयू, पासवर्ड, माउंट यांचे बिट चुकीच्या कमांडनेच गेलेले असतात आणि दुरुस्तीच्या कमांडने ते परत येत नाहीत. म्हणून आधी मालक, मग 'सीएचमॉड 4755' (परवानग्या आणि सेटयूआयडी बिट लावणारी कमांड). क्रम उलटा केला तर दुसरी कमांड पहिलीचं काम पुसते. नेटवर्क तपासणाऱ्या 'पिंग'ला दिलेली खास क्षमताही (रूट न होता लागणारा तेवढाच अधिकार) अशीच गेली होती.

रविवार, सकाळ

म्हापशाच्या भाच्याला फोन केला. त्याचं मशिनही डेबियन 12.
"मामा, सगळी पॅकेजं रीइन्स्टॉल कर की."
तेच केलं, आणि साध्या फाइलींपुरतं ते उत्तम चाललं. डेबच्या (डेबियनच्या पॅकेज फाइलच्या) आतल्या टार संग्रहात प्रत्येक फाइलचा मालक, गट आणि परवानग्या लिहिलेल्या असतात, त्यामुळे फाइल नव्याने उतरली की बिटही परत येतात. पिंगची क्षमता पॅकेजच्या इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्टने लावली. पण आधीच असलेल्या डिरेक्टरीला डीपीकेजी (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) हात लावत नाही, तिचा मालक 'घुमट'च राहतो. ईटीसीतल्या कॉन्फिग फाइलींचंही तसंच. त्यासाठी डेबमधली टारची यादी 'डीपीकेजी'ला 'एफसिस-टारफाइल' सांगून काढली आणि छोट्या स्क्रिप्टने ओळीओळीने लावली. सिमलिंकसाठी (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइलींसाठी) 'चओन'ला '-एच' द्यायला विसरू नका.

कुठल्याच पॅकेजमध्ये नसलेल्या फाइली उरल्या. ईटीसीतली 'शॅडो' (पासवर्डची फाइल) मालक:गट रूट:शॅडो आणि परवानगी 640 असायला हवी, हे पाठ होतं. बाकीसाठी भाच्याने त्याच्या मशिनवरून मालक, गट, परवानगी, पाथ अशी 'फाइंड'ची यादी व्हॉट्सॲपवर धाडली. इथे एक सांभाळायचं: यादी नावांची घ्या, आकड्यांची नको. डेबियनमध्ये 0 ते 99 हे युआयडी सगळीकडे सारखे असतात, पण 100 ते 999 त्या त्या मशिनवर वाटले जातात. त्याच्याकडच्या पोस्टग्रेसचा आकडा माझ्याकडे भलत्याच सेवेचा निघाला.

पोस्टग्रेसने (डेटाबेसने) दुपार खाल्ली. डेटा डिरेक्टरी 'पोस्टग्रेस'च्या नावे आणि 700 केली, तरी सुरू होईना. लॉग नीट वाचला तेव्हा कळलं, एसएसएलची खासगी किल्ली अजून 'घुमट'कडे होती, आणि तिचा मालक रूट किंवा डेटाबेसचा युजर असल्याशिवाय पोस्टग्रेस पुढे जात नाही. किल्ली रूट:एसएसएल-सर्ट आणि 640 केली, लगेच उठला.

रविवार, रात्र

रीस्टार्ट केलं. सुडो चालतो, एसएसएचने बाहेरून आत येता येतं. आईने खालच्या खोलीतून आरती लावून पाहिली, वाजली.

रेकॉर्डिंग्जचं दुखणं मात्र वेगळं आहे. ती 'घुमट'कडे जाणारच होती, पण शेजारच्याच फोल्डरांत आबांच्या आणि काकींच्या स्वतःच्या फाइली होत्या. कुठली कोणाची हे बॅकअपमध्येही नाही, कारण ती डिस्क एक्सफॅट आहे आणि एक्सफॅट मालकी साठवत नाही. नावं आणि तारखा बघत एकेक लावतोय, आबांना विचारून. नवी बॅकअप डिस्क मालकी साठवणारी ईएक्सटी4 करणार.

रोज रात्री 'गेटफॅकल -आर'ने ईटीसी, व्हार आणि एसआरव्हीची मालकी एका फाइलीत लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. रूट म्हणून 'सेटफॅकल'ला 'रिस्टोर' सांगितलं की मालक आणि गटही परत येतात. तात्पुरत्या फोल्डरवर मुद्दाम मालक बिघडवून करून पाहिलं, बरोबर आलं.

आबांचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आज चाललं नाही. लॉगमध्ये 'राँग फाइल ओनर'. त्यांची क्रॉनटॅब (त्या कामांची यादी) अजून 'घुमट'च्या नावे आहे, ती उद्या सकाळी.