आईची गॅलरी

मागच्या रविवारी आईचा फोन घेऊन बसले, स्टोरेज फुल झालंय म्हणून ती कधीची मागे लागली होती. साफ करता करता परमिशन मॅनेजर, म्हणजे कुठल्या ॲपला फोनमधलं काय काय बघायला दिलंय त्याची यादी, उघडला आणि पोटात गोळाच आला. वॉलपेपरचं ॲप, सणाच्या शुभेच्छा बनवायचं ॲप, पंचांगाचं ॲप, सगळ्यांना अख्खी गॅलरी दिलेली आणि दोघांना लोकेशनसुद्धा, तेही चोवीस तास. विचारलं तर म्हणाली, "अगं, अलाऊ केल्याशिवाय पुढेच जात नाही ते."

आणि गॅलरीत काय नव्हतं! आधार कार्ड, बँकेचं पासबुक, बाबांचे रिपोर्ट, भाचीच्या बारशाचे फोटो. कॅमेऱ्यात लोकेशन सेव्ह करायचं ऑन असेल ना तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहिलेली असते, एक्झिफ म्हणतात त्याला. बारशाच्या फोटोची माहिती उघडून आईला दाखवली, नकाशावर आमची सोसायटी! तो डेटा वाचायला ॲपला वेगळी परमिशन लागते, पण ते अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर. त्याआधीच्या फोनवर गॅलरी दिली की पत्ताही गेलाच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मला जास्त भीती लोन ॲप्सची वाटते. गॅलरीतले फोटो उचलून, मॉर्फ करून, नातेवाइकांना पाठवायच्या धमक्या देऊन लोकांना अक्षरशः छळलंय त्यांनी. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढले की कर्ज देणाऱ्या ॲपने फोटो, कॉन्टॅक्ट, कॉल लॉगला हात लावायचा नाही, कॅमेरा आणि लोकेशन फक्त केवायसीपुरतं एकदाच, तेही विचारून. म्हणजे आजही एखादं लोन ॲप गॅलरी मागत असेल तर तिथल्या तिथे काढून टाका, प्लीज.

आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडच्या १४ व्या व्हर्जनपासून ॲपला ठरावीक फोटोच देता येतात. लोकेशनपण अंदाजे देता येतं, हवामान बघायला घराचा दरवाजा कशाला कळायला हवा?

आईच्या शुभेच्छांच्या ॲपला आता गणपतीचे चारच फोटो दिलेत. मस्त चालतंय, काही अडलं नाही.