दंड माफ झाला, पण एका पत्रासाठी पाच आठवडे गेले

अमेरिकेच्या कर खात्याचं पत्र आलं: कर 8,360 डॉलर आणि त्यावर 20 टक्के दंड, म्हणजे 1,672. पत्रात कारण दिलं होतं निष्काळजीपणा. रकमेपेक्षा तो शब्दच मला जास्त लागला. पैसे हलवायच्या आधी मी माझ्या सीपीएंना, म्हणजे कराचं काम बघणाऱ्या लेखापालांना, विचारलं होतं!

दोन आयआरए (निवृत्तीसाठीच्या बचतीच्या) खात्यांतून मी पैसे काढले आणि दोन्ही वेळा साठ दिवसांच्या आत परत भरले. सीपीए म्हणाले, खाती वेगळी आहेत, चालतं. पूर्वी चालायचंही. पण टॅक्स कोर्टाच्या 2014 च्या बॉब्रो निकालानंतर, 2015 पासून, सगळी खाती मिळून बारा महिन्यांत एकदाच असे पैसे काढून, कर न लागता परत भरायची मुभा आहे. त्यामुळे दुसरे 38,000 डॉलर उत्पन्नात धरले गेले. कर भरणं भागच होतं.

दंडाविरुद्ध मात्र उभी राहिले. टॅक्स कोर्टाने 2000 साली निओनेटॉलॉजी असोसिएट्सच्या खटल्यात तीन कसोट्या सांगितल्यात: सल्लागार जाणकार हवा, त्याला खरी आणि पूर्ण माहिती दिलेली हवी, आणि आपण त्याच्या सल्ल्यावर प्रामाणिकपणे विसंबलेलो असायला हवं. दाखवायचं आपणच.

माझं घोडं दुसऱ्या कसोटीवर अडलं. आमचं बहुतेक बोलणं फोनवर झालेलं. "सल्ला काय दिला ते लेखी द्या," म्हणून मी सीपीएंच्या मागे लागले. आधी "बघतो", मग "सीझन चालू आहे", शेवटी "एवढासा दंड, भरून टाका ना". त्यांना स्वतःची चूक कागदावर नको होती, हे मला उशिरा कळलं. तोवर उत्तराची 30 दिवसांची मुदत संपत आलेली. फोन करून ती वाढवून घेतली. (मुदत संपायच्या आत मागा.)

मग एका रात्री जुनी ईमेल सापडली. मी दोन्ही खाती, रकमा, तारखा लिहून विचारलं होतं, "चालेल ना?" खाली त्यांचं उत्तर: "हो, खाती वेगळी आहेत." ती छापील प्रत समोर ठेवल्यावर त्यांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं. पाच आठवड्यांनी!

एक राहिलंच: पैसे एका संस्थेतून दुसरीत थेट पाठवले, तर हे एकदाचं बंधन लागतच नाही. आणि रिटर्न उशिरा भरलं तर "सीपीएवर सोपवलं होतं" हे कारण चालत नाही. सुप्रीम कोर्टाने 1985 च्या बॉइल खटल्यात ते नाकारलंय.

ईमेल आणि पत्र कर खात्याला पाठवलं. दीड महिन्याने उत्तर आलं. दंडापुढे शून्य. कर आणि व्याजाचा चेक मी त्याच दुपारी टाकला.