हायवेसाठी चाकं-टायर: २५ वरून ३२, नोंद चौथी

आजची स्थिती: सायकलची फ्रेम स्टीलची, ब्रेक रिमला पकडणारे, ४७ ते ५७ मिमी रीचचे (रीच म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून रबरापर्यंतचं अंतर). ७००×२५ टायर उतरवले, ७००×३२ चढवले (२५ आणि ३२ ही टायरची रुंदी, मिमीत). मागच्या चाकाचं काम अर्धवट आहे, त्याबद्दल शेवटी.

शिरोलीहून कराडकडे निघालं की सायकलवाल्याच्या वाट्याला हायवेची कडच येते. तिथं सुटी खडी, पुलांचे सांधे आणि सहापदरीकरणामुळे मध्येच सर्व्हिस रोडला उतरणं. हाताला मुंग्या आल्या की सगळे सीटवर नाहीतर हँडलवर खापर फोडतात. बहुतेक वेळा दोष असतो तो ९५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढ्या हवेचा. पण २५ च्या टायरमध्ये हवा कमी केली तर खड्ड्यात रिम आपटते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हवा कमी ठेवायची तर टायरला रुंदी आणि उंची हवीच.

आधी मापाचा घोळ मिटवू. ७००सी म्हणजे टायर जिथं बसतो तो रिमचा व्यास ६२२ मिमी. याच मापाला काही जण २८ इंची म्हणतात. दूधवाल्याची जुनी काळी सायकलही २८ इंचीच (२८×१½), पण तिचा व्यास ६३५. रस्त्यावरच्या दुकानात नुसतं ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हटलं की हाच हातात पडतो, आणि ६२२ च्या रिमवर तो ढिला बसतो. टायरच्या कडेवर ३२-६२२ असं लिहिलेलं बघूनच पैसे द्यायचे.

६५०बीचा, म्हणजे ५८४ मिमी रिमचा, विचार झाला. हिशोब सुरेख जमतो: ५८४ + (२×४७) = ६७८ आणि ६२२ + (२×२८) = ६७८. म्हणजे ४७ चा गुबगुबीत टायर घातला तरी चाकाची उंची ७००×२८ एवढीच राहते. पण रिम १९ मिमी खाली जाते आणि आपल्या ब्रेकची रबरं तिथवर पोचत नाहीत. डिस्क ब्रेक असेल तर जरूर करा, फक्त ४७ ऐवजी ३८ चा टायर घालू नका. ७००×३२ च्या तुलनेत सायकल १३ मिमी खाली बसते आणि वळणावर पेडल जमिनीला घासतं. वाटेत ५८४ ची ट्यूब मिळाली नाही तर २६ इंची ट्यूब ताणून चालते. मात्र तिचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल, तर प्रेस्टा या बारीक व्हॉल्व्हसाठी रिमला पाडलेल्या ६.५ मिमी भोकातून तो जात नाही. अरुंद रिमला ड्रिल लावायच्या भानगडीत पडू नये.

म्हणून ३२. रिमची आतली रुंदी १९ मिमी. बसवल्या बसवल्या टायर भरला ३१.८ आणि दोन दिवसांनी ३२.६, कारण नवा टायर हवेनं थोडा फुगतो. फ्रेममध्ये जागा आहे का ते दोन दिवसांनीच मोजा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) आत ४१ मिमी जागा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ४ मिमी. याहून कमी चालणार नाही. गाळपाच्या हंगामात कळे-गगनबावडा रस्त्यावर पाचट आणि चिखल तिथंच अडकतो. रिम बदलली तर पुन्हा मोजा: आतली रुंदी १ मिमीनं वाढली की टायर साधारण ०.४ मिमीनं रुंदावतो.

हवा ठरवायला व्हर्नियर (मिमीचे अंश मोजणारी पट्टी) आणि एक मदतनीस लागतो. सायकल भिंतीला टेकवून, पिशव्या लावून, नेहमीच्या बैठकीत बसायचं आणि दुसऱ्यानं सगळ्यात खालच्या बिंदूपाशी रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. आपल्याकडे बिनभाराचं अंतर २६ मिमी आलं. भार पडल्यावर टायर रुंदीच्या १५ टक्के, म्हणजे ५ मिमीच्या आसपास दबला पाहिजे. २१ मिमी आलं की थांबायचं. एकूण ८५ किलोला मागे ६६ आणि पुढे ५४ पीएसआय जुळले. हे आकडे तुमच्या वजनाला तसेच उचलू नका. डिसेंबरात पहाटे १५ अंशाला भरलेली हवा दुपारी ३० अंशाला आपोआप ४ पीएसआयनं वाढते. तेवढ्यासाठी वाटेत थांबून हवा सोडायची गरज नाही.

पंक्चर. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात. त्यातल्या स्टीलच्या केसाएवढ्या तारा टायरमध्ये घुसतात. डोळ्याला दिसत नाहीत, बोटालाही नीट लागत नाहीत. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तिथं तंतू अडकतो. ती चिमट्यानं आतूनच ओढायची. तार न काढता ट्यूब बदलली तर पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून ठेवा, म्हणजे ट्यूबचं भोक बघून तार टायरमध्ये कुठं आहे ते लगेच कळतं. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला असेल तर मात्र रिमची पट्टी सरकलेली आहे, तार शोधत बसू नका.

सायकलच्या मीटरमध्ये चाकाचा घेर २१०५ वरून २१५५ मिमी करायचा. विसरलात तर २०० किमीच्या ब्रेवेला (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) मीटर १९५.४ दाखवेल आणि वळणाच्या यादीशी आकडे जुळणार नाहीत.

बाकी राहिलं मागचं चाक. ३२ तारा (स्पोक), चेनच्या बाजूचा ताण ११० केजीएफ (किलोग्रॅम-बल) धरून आऊट काढला, म्हणजे चाक सरळ केलं, पण ते टायरशिवाय. टायरमध्ये हवा भरली की रिम दाबली जाते आणि तारा थोड्या सैल होतात. डाव्या बाजूच्या तारा मुळातच कमी ताणलेल्या असल्यानं तिथं निपल (तारेच्या टोकाची नट) सुटायची भीती जास्त. हवा भरून ताण पुन्हा मोजायचा आहे. दोन्ही बाजूंचे आकडे पुढच्या नोंदीत.