आमची वाटचाल: बॅकअपपासून डीआरपर्यंत

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या लघुउद्योगांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्यापासून आमच्या फर्मची सुरुवात झाली. तेव्हा बॅकअप म्हणजे सर्व्हरला लावून ठेवलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तशी ती डिस्कही सर्व्हरबरोबरच लॉक होऊ लागली, म्हणून क्लाउड बॅकअप सुरू केला.

आता ग्राहक विचारतात, बॅकअप पुरे की डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे सर्व्हर बंद पडला तर दुसरीकडून लगेच काम सुरू करायची सोय) घ्यायचं? आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो. किती तासांच्या नोंदी पुन्हा भरता येतील? काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल?

बंद राहण्याचा हिशेब बहुतेकांनी केलेला नसतो. क्लाउडवरचा २ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, सुमारे ४४ तास लागतात. शिवाय नवा सर्व्हर आणायचा, विंडोज, एसक्यूएल (डेटाबेस), ईआरपी (हिशेब, साठा, ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर) चढवायचं. टूल रूमला (साचे-हत्यारं बनवणाऱ्या कारखान्याला) एरवी हे निभावता येतं. ऐन द्राक्ष हंगामात पॅकहाउसला नाही, कारण कंटेनर दारात उभा असतो आणि लेबलं ईआरपीतूनच निघतात. तिथे डीआर हवंच: सर्व्हरची प्रतिकृती मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये तयार असते, ती चालू करायची. मात्र सगळ्या मशीनसाठी तो खर्च करू नका. ईआरपीचा सर्व्हर डीआरवर, बाकीचं बॅकअपवर.

आणि डीआर घेतलं म्हणून बॅकअप बंद करायचा नाही, यावर आम्ही अडून बसतो. रेप्लिकेशन (इथला प्रत्येक बदल प्रतिकृतीत उतरवणं) बिघाडही इमानदारीने तिकडे पोचवतं. रॅन्समवेअरने फाइल इथे एन्क्रिप्ट (लॉक) झाली की थोड्याच वेळात तिथेही होते. म्हणून किमान ३० दिवसांच्या, अॅडमिनलाही पुसता न येणाऱ्या आवृत्त्या वेगळ्या ठेवाव्यात. एसक्यूएल चालू असताना नुसती डेटा फाइल कॉपी करून भागत नाही. रात्री पूर्ण बॅकअप आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप (मधल्या बदलांच्या नोंदींचा) घ्यावा.

कंपन्यांनी हेही पाहावं: कंपनी लेखा नियमांच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, रोज घ्यावा लागतो.

दर तिमाहीला डीआरची चाचणी घेतोच. तेव्हा डेटा सहसा ठीक निघतो, अडतं ते भलतीकडेच: ईआरपीत जुना आयपी पत्ता लिहिलेला, मशीनला बांधलेला सॉफ्टवेअर परवाना, लेबल प्रिंटरपर्यंत न पोचणारं व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी जोडणी). परतीची तालीमही तितकीच गरजेची. क्लाउडवर झालेल्या नोंदी मूळ सर्व्हरवर उलट सिंक करून, दोन्हीकडचा शेवटचा व्हाउचर नंबर जुळवूनच काम इकडे वळवायचं, आणि तेही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.