कोकमतेल, करडई आणि टाचा : यंदाच्या हंगामाची वही

मे अखेर

अंगाला आणि टाचांना लावायला विकतचं कोकम बटर, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आणायचं नाही, बियांपासून घरीच काढायचं, हे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. संगमेश्वरला मावशीकडे दरवर्षी आमसुलं आणि आगळ होतं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया मात्र परड्यात फेकल्या जातात. त्याच यंदा एसटीच्या पार्सलने पुण्याला आल्या.

बियांना गराचे धागे चिकटलेले असतात. ते धुऊन काढले नाहीत तर बुरशी धरते. पुण्याचं मेमधलं ऊन कोरडं, त्यामुळे गच्चीवर वाळवण छान झालं. टरफलं काढणं मात्र सगळ्यात वैतागाचं काम. लाटण्याने हलकेच ठेचायचं आणि सुपात पाखडायचं. हे यंत्राने करणारं कोणी असेल तर जरूर सांगा, कारण खरा वेळ इथेच जातो.

मगज मिक्सरमधून भरडला, मग थोडं थोडं पाणी घालत पाट्यावर गंधासारखा वाटला. भरपूर पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवला. आधी वर तपकिरी फेस येतो. तो बसला की पिवळसर थेंब दिसायला लागतात, एकमेकांत मिसळतात आणि चकत्या होऊन तरंगतात. रात्रभर निवू दिलं की सकाळी वर मेणासारखी साय घट्ट झालेली असते. बीच्या वजनाच्या साधारण पाव भाग तेल, हे पुस्तकी गणित. पाण्यात उकळून तेवढं हाती येत नाही, बरंचसं चोथ्यातच राहतं.

ही साय लगेच डब्यात भरायची नाही. तिच्यात पाणी अडकलेलं असतं आणि पाणी राहिलं की तेल लवकर बिघडतं. म्हणून ती पुन्हा वितळवून कढवायची. किती वेळ, असं मावशीला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "घड्याळ कसलं बघतेस गो, कान लाव. बोलायचं थांबलं की उतर." तडतड थांबल्यावर सुती कापडातून गाळलं. गावाकडे याचे मुठीने गोळे वळतात, मी स्टीलच्या चपट्या डबीत ओतलं. रंग फिकट पिवळा, वास जवळजवळ नाहीच.

जून

आता मूळ प्रश्न : हे अंगाला लावायचं कसं? कोकमतेल अंगाला लागताच विरघळतं असं सर्रास सांगितलं जातं, ते माझ्या अनुभवाला येत नाही. तेलं ज्या स्निग्धाम्लांची बनतात, त्यांपैकी घट्ट राहणारं स्टिअरिक आम्ल यात निम्म्याहून जास्त, उरलेलं बहुतेक पातळ ओलेइक. म्हणून ते चाळिसाच्या आसपास वितळतं आणि त्वचेचा पृष्ठभाग असतो ३२-३४ अंशांवर. नुसता गोळा हातावर फिरवला तर खडूसारखा ओढला जातो, चोळून चोळून ऊब आली की मग सुटतो. टाचांना हे चालतं, किंबहुना तिथे तेच हवं, कारण थर टिकतो. गालावर अजिबात नको.

तेव्हा जोडीला पातळ तेल हवं. लाकडी घाण्याची तीन आणली : करडई, तीळ आणि जवस.

जवस पहिल्याच फेरीत बाद. त्यातलं अर्ध्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल हवेत भराभर ऑक्सिडाइज होतं. चित्रकारांच्या रंगात जवसाचं तेल घालतात ते याच गुणामुळे, सुकून घट्ट पापुद्रा धरतं म्हणून. डबीत चार आठवड्यांच्या आतच रंगाच्या दुकानासारखा वास यायला लागला. जवस चटणीत उत्तम, चेहऱ्यावर नाही.

करडई माझी आवडती ठरली. नेहमीच्या करडईत लिनोलेइक आम्ल तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं. ती हलकी आहे, कपड्याला चिकटत नाही. शेफील्ड विद्यापीठाच्या २०१३ च्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत झाला, सूर्यफूल बियांच्या तेलाने तसं झालं नाही. ऑलिव्हमध्ये ओलेइक जास्त, सूर्यफुलात लिनोलेइक. हाताळलेली तेलं दोनच, त्यामुळे त्यावरून करडईचा झेंडा मिरवणार नाही, पण निवडीचा कल तिकडे झुकला हे खरं. आणखी एक : बाजारात जास्त ओलेइकवाली करडईही मिळते, ती तळणीसाठी. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा.

करडईची खोड एकच, लवकर खवट होते. तीळ त्याबाबतीत दणकट, त्यात सेसामोल वगैरे नैसर्गिक रक्षक असतात. म्हणून शेवटी दोन्ही मिसळली.

सध्याचं प्रमाण, १०० ग्रॅमला : कोकमतेल ३०, करडई ४५, तीळ २०, मधमाशीचं मेण ५. टाचांच्या डबीत कोकमतेल ५०, मेण तेच ५, बाकी सगळा तीळ. मेडिकलमधली ई जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल फोडून घालते. ती खवटपणा लांबवते, डाग घालवते वगैरे काही नाही.

श्रावण

मिश्रण रवाळ होण्याचा प्रश्न सुटला. एकाच पातेल्यातलं मिश्रण दोन वाट्यांत ओतलं. एक ओट्यावर आपोआप निवू दिली, दुसरी बर्फाच्या पाण्यात धरून चमच्याने सतत ढवळली. पहिलीत बोटाला साजूक तुपासारखे कण लागले, दुसरी सलग आणि मऊ झाली. सावकाश निवताना जास्त तापमानाला वितळणारा भाग आधी गोठून वेगळा पडतो, म्हणून कण. सगळं आधी पूर्ण वितळलेलं हवं, मी ७० अंशांपर्यंत नेते. बर्फाचं पाणी आत उडू नये एवढं सांभाळायचं.

पावसाळ्यात ही डबी चेहऱ्याला जड होते. या दिवसांत नुसत्या करडईचे दोन-तीन थेंब, तेही आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही. कोरड्या ठणठणीत हातावर चोळून "काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा ओल्या हातावर लावून बघावं. नवं मिश्रण मात्र आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. तिळाची ॲलर्जी असणारी माणसं असतात.

दिवाळीनंतर

थंडी पडली आणि डबी दगड झाली. कोकमतेल २२ वर आणलं, उरलेलं तिळात वाढवलं, आता बोट सहज फिरतं. चैत्रात उलट करावं लागेल. ज्यांना बारमाही एकच कृती हवी आहे त्यांनी कोकणात किनाऱ्याला राहावं, पुण्यात जमत नाही.

टाचांचा हिशेब चांगला आहे. रात्री पाय भिजवून, टिपून, तेल लावून मोजे घातले की भेगांच्या कडा मऊ राहतात. खोल भेग, रक्त, किंवा मधुमेह असेल तर डबी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं.

करंजही करून पाहिलं. अंगाला लावण्याची जुनी वहिवाट आहे खरी, पण त्या कडवट उग्र वासापुढे घरातल्यांनी हात टेकले. बियांच्या तेलांना अमुक एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा अंक) आहे म्हणून जे आकडे फिरतात, त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. उन्हात जाताना सनस्क्रीनच.

आता उंडी, किनाऱ्यावरच्या झाडाच्या तेलबिया. मालवणहून मैत्रिणीने बिया पाठवल्या आहेत. टरफल फोडलं की आतला मगज पांढरा आणि तेल जवळपास नाहीच, तो आठवडेच्या आठवडे वाळून तपकिरी, चिकट झाला की मग तेल सुटतं. माझा अजून फिकट बदामी आहे. हिरवट, दाट तेल निघालं तर दहा टक्क्यांपासून टाचांच्या डबीत घालून बघणार आहे. घाण्यावाला उंडी घ्यायला तयार नाही, पुढची खाण्याची तेलं कडू होतील म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे. घरी चालेल असा हाताचा छोटा दाबयंत्र-घाणा कोणी वापरत असेल, तर बीला आधी ऊब द्यावी लागते का, तेवढं कळवा.